न तोडलेली वीट: क्लिप्पनच्या सेंट पीटर चर्चचं प्रकरण

वीटकाम चालू असलेल्या कुठल्याही साइटवर पाच मिनिटं उभं राहा, एक आवाज हमखास कानावर येतो. गवंडी डाव्या हातात वीट धरतो, थापीच्या धारेने एक फटका मारतो, अद्धा हातात राहतो आणि उरलेला तुकडा खाली रोड्यांत जाऊन पडतो. कोपरा आला की वीट तुटते, खिडकी आली की तुटते, बंध, म्हणजे थरांतल्या विटांची एकमेकींत गुंतलेली मांडणी, जुळवायचा असला तरी तुटते. अद्धा, पाऊण, बंध जुळवायला कोपऱ्यात घालायचा तुकडा म्हणजे क्लोजर, ही सगळी नावं त्या फटक्यातूनच जन्माला आलेली आहेत.

स्वीडनच्या दक्षिण टोकाला, स्कोने प्रांतात, क्लिप्पन नावाचं एक छोटं गाव आहे. १९६३ ते १९६६ या काळात तिथल्या लुथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीसाठी एक चर्च बांधलं गेलं, आणि त्या साइटवर हा आवाज बंद होता. वास्तुविशारदाची अटच तशी होती. भिंत, जमीन, छताच्या कमानी, वेदी, उपदेशाची जागा, पाळकांचं आसन, सगळं विटेचं. वीट एकाच मापाची, अख्खी. आणि एकही वीट तोडायची नाही. अट घालणाऱ्या सिगुर्ड लेवरेंट्स यांचं वय काम हाती आलं तेव्हा सत्त्याहत्तरच्या आसपास होतं, आणि चर्च पुरं झालं तेव्हा ऐंशी ओलांडलेलं.

ही अट म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, असं बरेच विद्यार्थी पहिल्यांदा ऐकल्यावर म्हणतात. हट्ट होताच. पण त्या हट्टाने कामातल्या कुणाकडून काय काढून घेतलं आणि कुणाच्या हाती काय दिलं, हे पाहण्यासाठी मी हे प्रकरण पुन्हा पुन्हा उघडतो.

गाव आणि मंडळी

क्लिप्पन हे कागदाचं गाव. १५७३ साली, स्कोने प्रांत अजून डेन्मार्कच्या ताब्यात असताना, या परिसरात कागद बनवायला सुरुवात झाली, आणि २००६ साली कारखाना बंद पडेपर्यंत गावाची ओळख तीच राहिली. स्वीडिशमध्ये ‘क्लिप्पन’ म्हणजे खडक. चर्च ज्याच्या नावाचं आहे त्या पेत्राच्या, म्हणजे पीटरच्या, नावाचा अर्थही खडकच. या खडकावर मी माझी मंडळी रचीन, असं येशू त्याला म्हणतो ते मत्तयाच्या शुभवर्तमानात. गावाचं नाव आणि संताचं नाव असं जुळून आलं, आणि वर जे उभं राहिलं तेही गडद, जड, खडकासारखंच.

‘युद्धोत्तर चर्च’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्लिन किंवा कॉव्हेंट्री येतं: बाँबने पडकं झालेलं जुनं चर्च, शेजारी नवं बांधकाम. स्वीडनचं तसं नव्हतं. युद्धात तो देश तटस्थ राहिला, चर्चं शाबूत राहिली. तिथे नवी चर्चं लागली ती माणसं हलली म्हणून. युद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत खेड्यांतून माणसं कारखान्यांच्या गावी आणि शहरांच्या नव्या उपनगरांत गेली, आणि त्यांच्यामागे पॅरिश, म्हणजे एका चर्चचा परिसर आणि त्याचा कारभारही गेला. लुथरन चर्च हे २००० सालापर्यंत स्वीडनचं अधिकृत राज्य-चर्च होतं, त्यामुळे नवी वस्ती झाली की शाळा आणि दवाखान्याइतक्याच सहजपणे चर्चही उभं राहायचं.

त्यातही पॅरिश म्हणजे नुसती रविवारची उपासना नव्हे. १९९१ पर्यंत देशातल्या जन्म-मृत्यूच्या आणि स्थलांतराच्या नोंदी पॅरिशच्या कचेरीतच व्हायच्या. आपल्याकडे ग्रामपंचायतीत जन्मदाखला काढायला जावं, तसं तिथे पाळकाच्या कचेरीत जायचं. हे ध्यानात ठेवलं की क्लिप्पनचा नकाशा पटकन कळतो. गावच्या उद्यानाच्या कडेला दोन वस्तू आहेत: एक चर्चचा चौकोनी ठोकळा, आणि त्याला दोन बाजूंनी कवेत घेणारी, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी ठेंगणी इमारत, जिच्यात कचेऱ्या आणि मंडळीच्या खोल्या आहेत. दोहोंच्या मध्ये एक अरुंद बोळ. उपासना एकीकडे, कारभार दुसरीकडे, आणि मधल्या बोळातून रोज दोन्हींचा वावर.

बाजूला पडलेला माणूस

लेवरेंट्स यांचा जन्म १८८५ चा. १९१५ साली वास्तुविशारद गुन्नार आस्प्लुंड यांच्या जोडीने त्यांनी स्टॉकहोमच्या वनस्मशानभूमीची स्पर्धा जिंकली. पाइनच्या झाडीतलं ते दफनस्थान १९९४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथलं पुनरुत्थानाचं चॅपेल, १९२५ सालचं, लेवरेंट्स यांचं: उंच, सडपातळ, अभिजात खांबांचं, रेषा न् रेषा मापात. पुढे १९३० च्या दशकात स्मशानभूमीच्या चालकांनी त्यांना दूर केलं आणि मुख्य दाहगृहाचं काम एकट्या आस्प्लुंडना दिलं. दोस्तीही गेली आणि कामही.

मग त्यांनी काय केलं? एस्किल्स्टुना या गावी ‘इडेस्टा’ नावाने धातूच्या खिडक्या-दरवाजे बनवण्याचा कारखाना चालवला. माल्मो शहरातल्या पूर्व स्मशानभूमीचं काम १९१६ पासून हाती होतं, ते मात्र कधी सुटलं नाही. बाकी लिहिणं नाही, शिकवणं नाही, भाषणं नाहीत. आपल्या इमारतींबद्दल इतकं कमी बोललेला इतका मोठा वास्तुविशारद दुसरा शोधून सापडायचा नाही.

सत्तरीत असताना स्टॉकहोमच्या ब्यर्कहागेन उपनगरातल्या सेंट मार्क चर्चची स्पर्धा त्यांनी जिंकली. १९६० साली ते चर्च पूर्ण झालं. बर्च झाडांमध्ये गडद विटेच्या भिंती, रुंद सांधे, वीट न तोडण्याची सुरुवात तिथलीच. १९६२ साली स्वीडनचं वास्तुकलेचं कास्पर सालिन पारितोषिक पहिल्यांदाच दिलं गेलं, ते या चर्चला. क्लिप्पनचं काम त्याच सुमारास आलं. म्हणजे १९२५ च्या त्या मोजून-मापून रेखलेल्या चॅपेलपासून निघालेला माणूस चाळीस वर्षांनी ओबडधोबड वाटणाऱ्या भिंतीपाशी पोचला. मधल्या काळात कारखान्यात खिडक्यांच्या चौकटी बनवून झाल्या होत्या, याला माझ्या मते फार महत्त्व आहे. ते खिडक्यांपाशी आलो की सांगतो.

अट प्रत्यक्षात कशी चालली

वीट तोडायची नाही म्हटल्यावर उरलेलं माप जिरवायचं कुठे? उत्तर एकच: सांध्यात. आपल्याकडे चांगल्या वीटकामात सांधा १० मिलिमीटरचा धरतात. मसाला म्हणजे दोन विटांना चिकटवणारी पातळ रेघ. क्लिप्पनमध्ये ही रेघ फुगते, आकसते, तिरपी होते. काही ठिकाणी सांधा जवळजवळ विटेइतका जाड आहे. भिंतीची लांबी विटांच्या पटीत बसली नाही तर बाकी राहिलेलं अंतर त्या थरातल्या सगळ्या उभ्या सांध्यांत थोडंथोडं वाटून टाकायचं. दाराची कड आली की वीट जिथे संपेल तिथे संपेल. कोपऱ्यात बंध जुळवायला क्लोजर नाही, म्हणून सांधे एकाखाली एक येतात किंवा एकमेकांना चुकवतात, आणि तसेच राहतात.

सांध्यांत दरजा भरून (पॉइंटिंग करून), लोखंडी सळईने खोल रेघ मारून त्यांची शोभा करायची, हेही नाही. मसाला विटेच्या पृष्ठभागाच्या बरोबरीने आणून गोणपाटाने पुसून घेतलेला. त्यामुळे विटांच्या अंगावर मसाल्याचा राखाडी धुरकट थर राहिला आहे. वीट हेल्सिंगबोर्गची, गडद तपकिरी, कुठे जांभळटपणाकडे झुकणारी. हेल्सिंगबोर्ग तिथून पश्चिमेला तीसेक किलोमीटर, म्हणजे वीट घरचीच. दुरून पाहिलं तर भिंत विटांची रचलेली वाटत नाही; राखाडी चिखलात गडद दगड रुतवल्यासारखी वाटते.

इथे स्ट्रक्चरवाले हात वर करतील, आणि ते बरोबरच आहे. सांधा जितका जाड, तितकं वीटकाम कमजोर. दाबाखाली मसाला बाजूला पसरू पाहतो आणि विटेला ताणतो. सुकतानाही जास्त आकसतो. म्हणजे ही पद्धत चार मजली इमारतीत कुणी करायला गेलं तर वेडेपणा ठरेल. इथे ती चालली कारण इमारत बसकी आहे, भिंती जाड आहेत, आणि छताचा मधला भार भिंतींवर नाहीच. तो पोलादावर आहे.

छताचं सांगायचं तर पोलादी तुळयांच्या मधे विटेच्या उथळ कमानी टाकल्या आहेत. जुन्या मुंबईत आणि रेल्वेच्या इमारतींत लोखंडी गर्डरमधल्या अशा विटेच्या कमानी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. फरक असा, की आपल्याकडच्या कमानी सरळ, समांतर, एका मापाच्या. क्लिप्पनच्या तुळया एकमेकींना समांतर नाहीत. एक कमान एका टोकाला रुंद होते, शेजारची तिथेच अरुंद होते, आणि सगळं छत श्वास घेतल्यासारखं वर-खाली होतं. घडीव कमानीत प्रत्येक वीट पाचरीच्या आकाराची तासून घेतात. इथे तासायचं नाही, म्हणून पाचर विटेत नाही, मसाल्यात आहे. ज्याला आपल्याकडे डिप्लोमाच्या पुस्तकात ‘रफ आर्च’ म्हणून खालचा दर्जा देतात, ती पद्धत इथे छतभर मिरवते.

आता कळीची गोष्ट. सांधा किती ठेवायचा हे कागदावर काढता येत नाही. लेवरेंट्स आराखडे भरपूर करत, पण प्रत्येक विटेची जागा शेवटी थर लावतानाच ठरायची: ही वीट इथे की बोटभर पलीकडे? म्हणून ते साइटवर असायचे, आणि गवंड्यांना दर थराला विचार करावा लागायचा. नेहमीच्या कामात गवंड्याचं कसब दोरी धरून, ओळंबा लावून, सांधे सारखे ठेवण्यात असतं. इथे दोरी-ओळंबा होताच, भिंती काही वाकड्या नाहीत. पण सारखेपणाचा आधार काढून घेतला होता. अट घातली वास्तुविशारदाने, आणि तिच्यामुळे निर्णय गेला गवंड्याच्या हातात. मला या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं हे वाटतं. वीट तोडायची परवानगी असती तर सगळे प्रश्न टेबलावर सुटले असते आणि थापीने फक्त हुकूम पाळला असता.

आत

शिरण्याची वाट मुद्दाम अवघड केलेली आहे. समोर मोठा दरवाजा नाही, पायऱ्यांचा थाट नाही. बोळाकडून आत वळायचं, एका लहान अंधाऱ्या खोलीतून जायचं, मग चर्च. बाहेरच्या उजेडातून आलेल्या डोळ्याला अंधाराशी जुळवून घ्यायला काही मिनिटं लागतात, पुरतं जुळायला वीस-पंचवीस. ती पहिली काही मिनिटं या खोलीत जातात. त्यानंतर आत पाऊल टाकलं की काळोख नुसता काळोख राहत नाही, त्यात वस्तू दिसू लागतात.

पहिल्यांदा दिसतो तो खांब. सुमारे १८ मीटर बाजूच्या चौकोनात एकच पोलादी खांब, गंजलेल्या रंगाचा, वर आडवी तुळई घेऊन उभा. इंग्रजी ‘टी’सारखा, मनात असेल तर क्रूससारखा. तो चौकोनाच्या बरोबर मध्यावर नाही, जरा सरकलेला आहे. मध्यावर असता तर तो नुसता आधार ठरला असता आणि नजर पार करून गेली असती. असा सरकलेला असल्यामुळे मंडळी बसली की तो त्यांच्यातच कुणीतरी उभं असल्यासारखा वाटतो. क्रूस म्हणायचं की नाही हे त्याने तुमच्यावर सोडलं आहे. यावर पानंच्या पानं लिहिणारे आहेत. मला एवढं पुरतं, की छत त्याच्याशिवाय उभं राहत नाही.

बसण्याची रचना हा दुसरा मुद्दा, आणि तो उपासनेतल्या बदलाशी बांधलेला आहे. जुन्या चर्चमध्ये लांबट दालन, पुढे टोकाला भिंतीशी वेदी, बाकांच्या रांगा एकामागे एक. माणूस पुढच्याचं डोकं बघत बसतो. विसाव्या शतकात युरोपभर, कॅथलिकांत आणि लुथरनांतही, वेदी भिंतीपासून सोडवून पुढे आणायची आणि मंडळीने तिच्याभोवती जमायचं, असा विचार जोर धरत होता. क्लिप्पनचं बांधकाम चालू असतानाच रोममध्ये कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली होती, तिच्या निर्णयांनंतर कॅथलिक चर्चमध्येही पाळक लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला. लुथरनांना यात आणखी एक जवळचं कारण आहे. त्यांच्या उपासनेत वचन ऐकणं आणि प्रभुभोजन ही दोन मुख्य अंगं. आपल्याकडच्या मराठी मंडळ्यांत ‘प्रभुभोजन’ हाच शब्द आहे, आणि जेवण म्हटलं की पंगत आली. पंगतीत कुणी कुणाच्या पाठीमागे बसत नाही. क्लिप्पनमध्ये बाक नाहीत, सुट्या खुर्च्या आहेत, आणि मंडळी विटेच्या वेदीला तीन बाजूंनी वेढून बसते. चौथ्या बाजूला पाळकांचं आसन, तेही विटेचं, भिंतीतूनच वाढल्यासारखं.

जमीन वेदीकडे हलकेच उतरती आहे. चालताना डोळ्यांआधी पावलांना कळतं. विटांची मांडणीही जागोजाग दिशा बदलते. चालण्याची वाट, बसण्याची जागा, वेदीचा परिसर, यांच्यात पायरी किंवा कठडा नाही, मांडणी बदलली की समजायचं. आणि दोन मांडण्या जिथे भेटतात तिथेही वीट तोडलेली नाही, मसाल्याने मिटवलेलं आहे.

मग ती बाप्तिस्म्याची जागा. इथे विटेची जमीन सपाट राहत नाही, खालून कुणी ढकलल्यासारखी उंचवट्याने वर येते, आणि त्या उंचवट्यात एक चीर आहे. चिरेच्या वर लोखंडी आधारावर प्रशांत महासागरातला एक प्रचंड शिंपला, पांढराफटक, नागमोडी काठाचा. सगळ्या इमारतीत उजळ म्हणावी अशी हीच एक गोष्ट. शिंपल्यातलं पाणी थेंबाथेंबाने खाली चिरेत पडतं, आणि त्या शांत, काळोख्या खोलीत तो टपटप आवाज सतत येत राहतो. शंकराच्या पिंडीवरची अभिषेकपात्राची धार ऐकत लहानपण गेलेल्या माणसाला हा आवाज काय करतो हे मी समजावून सांगत बसत नाही. विधी वेगळा, अर्थ वेगळा. पाण्याने दगडी अंधारात वेळ मोजण्याची रीत मात्र एकच.

खिडक्या

खिडक्या मोजक्याच आहेत, लहान आहेत, आणि आतून पाहिलं तर त्यांना चौकट नाही. भिंतीत चौकोनी भोक, त्यापलीकडे थेट झाडं आणि आभाळ. काच असल्याचा संशयही येत नाही. बाहेर जाऊन पाहिलं की उलगडा होतो: दुहेरी काचेचा अख्खा तावदान-संच भिंतीच्या बाहेरच्या अंगावर नुसता टेकवलेला, कडेने सीलंट, आणि पोलादी क्लिपांनी जागच्या जागी धरलेला. काच भोकापेक्षा मोठी, भिंतीवर चिकटवलेल्या तिकिटासारखी. भोक विटांनी ठरवलं, काचेला त्यात बसायची सक्तीच नाही. तीही न कापता, न कोंबता वरून लावून दिली.

धातूच्या चौकटी बनवण्याचा कारखाना चालवलेल्या माणसाने शेवटी चौकटच काढून टाकली, याची मला गंमत वाटते. चौकट म्हणजे दोन मापांतली तडजोड: भिंतीचं माप वाकडं, काचेचं सरळ, आणि मधे लाकूड किंवा धातू घालून दोघांची समजूत घालायची. ती तडजोड किती ठिकाणी गळते, कुठे पाणी धरते, हे आयुष्यभर पाहिलेल्या माणसालाच ती वगळायचं धाडस होतं.

क्लिप्पन ५६ अक्षांशावर आहे. डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा. अशा ठिकाणी चर्चमध्ये उजेड भरपूर घ्यावा असं कुणालाही वाटेल, आणि त्या काळच्या बहुतेक नव्या चर्चांनी घेतलाही: पांढऱ्या भिंती, मोठाल्या काचा. इथे उलट. छतातून खाली सोडलेले दिवे डोक्याच्या जरा वर लटकतात आणि उजेडाची छोटी तळी तयार करतात. हिवाळ्यात पुस्तक वाचायला तेवढा उजेड पुरतो का, हा प्रश्न मी वयस्क सभासदाच्या बाजूने विचारीन. उतरती, खडबडीत विटेची जमीन काठी घेऊन चालणाऱ्याला कितपत सोयीची, हाही. लेवरेंट्सभक्त असले प्रश्न ऐकले की नाराज होतात. पण हे पॅरिश-चर्च आहे. इथे बारसं, लग्न आणि अंत्यविधी होतात, छायाचित्रकारांची सोय नंतर.

नक्कल

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडे ‘एक्स्पोज्ड ब्रिक’ची मागणी वाढली आहे. पुण्या-नाशकातले घरमालक मोबाइलवर फोटो दाखवतात, त्यात क्लिप्पन असतंच. एका कामावर मलाही ‘असे जाड सांधे हवेत’ असं सांगण्यात आलं होतं. भिंत साध्या पद्धतीने बांधून झाली होती, गिलाव्याआधी मालकांचा विचार बदलला. मग वरून विटेच्या टाइल आणल्या, कटरने कापून कोपरे जुळवले आणि सांधे जाड दिसावेत म्हणून टाइलमध्ये अंतर ठेवून पांढरट ग्राउट भरलं. फोटोत छान दिसतं. कटरचा आवाज आठवडाभर आळीत घुमत होता.

क्लिप्पननंतर लेवरेंट्स नऊ वर्षं जगले. १९७५ साली लुंड शहरात, वयाच्या नव्वदाव्या वर्षी गेले. मधे १९६९ साली माल्मोच्या त्याच पूर्व स्मशानभूमीच्या फाटकाशी त्यांनी एक फुलांचं दुकान बांधलं. दहनाला किंवा दफनाला आलेल्यांनी फुलं घ्यायची, एवढ्यापुरतं. काँक्रीटच्या उघड्या भिंती, वर एका बाजूला उतरतं तांब्याचं छप्पर, आणि खिडकी क्लिप्पनसारखीच: भोकापेक्षा मोठी काच, बाहेरून टेकवलेली, क्लिपांनी धरलेली.